गावाची लोकसंख्या किती असली म्हणजे एसटी येते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या रांगेत, मोठ्या रस्त्यापासून सहा किलोमीटर आत एक गाव आहे. रस्ता ‘कच्चा-पक्का आहे’. नेटवर गावाच्या नावाचं पान उघडलं की २०११ ची लोकसंख्या सहाशेच्या आसपास दिसते, ग्रामपंचायत मात्र हजाराच्या वर सांगते. त्याच पानावर ‘सार्वजनिक बससेवा ५ ते १० किमी अंतरात’ असं लिहिलंय, आणि गावात तर गाडीच येत नाही. आगारात विचारलं तर ‘लोकसंख्या कमी आहे’ म्हणून परत पाठवलं. दहावीनंतर मुली घरी बसतायत. तर खरा आकडा कोणता, तो सिद्ध कसा करायचा, आणि किती भरला म्हणजे गाडी सुरू होईल?

मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालो. गावांचे आराखडे, जनगणनेची कामं आणि रस्त्यांचे ठराव यांतच नोकरी गेली. शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण तिथेच तुमची गाडी चुकीच्या रुळावर गेली आहे. रस्ता मिळतो लोकसंख्येच्या आकड्यावर. बस मिळते आणि टिकते ती प्रवाशांच्या आकड्यावर. ही दोन वेगळी कार्यालयं आहेत आणि त्यांना लागणारे कागदही वेगळे. आगारात लोकसंख्येवर वाद घालत बसलात तर वर्ष जाईल, आणि रस्त्याच्या कार्यालयात प्रवाशांची यादी नेलीत तर ती कुणी उघडूनही बघणार नाही.

आता सहाशे आणि हजार यांच्यातला फरक. दोन्ही आकडे खरे असू शकतात. जनगणनेचं गाव म्हणजे महसुली गाव, ज्याला स्वतःचा कोड क्रमांक असतो. ग्रामपंचायत गट ग्रामपंचायत असेल तर तिच्यात दोन-तीन महसुली गावं येतात आणि सरपंच सगळ्यांची बेरीज सांगतात. उलटही होतं. तांडा किंवा वस्ती दोन किलोमीटरवर असली तरी ती ज्या महसुली गावाच्या शिवारात, त्याच गावात मोजली जाते. म्हणून आधी तलाठ्याकडे जाऊन तुमचा तांडा, वाडी, शेतातल्या वस्त्या कोणत्या महसुली गावात आहेत ते बघा. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

उरलेला निम्मा ऊसतोडीचा. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली आणि संदर्भाची तारीख १ मार्चची होती. फेब्रुवारीत आपल्याकडची गावं कशी असतात ते तुम्हाला मी काय सांगणार. दिवाळी झाली की कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, बाहेर पडतात, ते पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखाने बंद होईपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत सांगली, कोल्हापूर, कर्नाटकात असतात. नियम असा होता की माणूस त्या वीस दिवसांतला काही काळ तरी आपल्या राहत्या घरी असेल तर त्याची नोंद तिथे, आणि पूर्ण काळ बाहेर असेल तर जिथे सापडेल तिथे. म्हणजे तुमच्या गावचं जोडपं कारखान्याजवळच्या कोप्यांमध्ये, म्हणजे झोपड्यांमध्ये मोजलं गेलं, किंवा कुठेच नाही. शिवाय प्रगणक कोण होता त्यावरही आकडा हलायचा. गावचाच गुरुजी असला तर कुलूप बघूनही तो घरातली माणसं शेजाऱ्याला विचारून लिहायचा. बाहेरचा असला की नियमावर बोट ठेवून ‘घर बंद’ लिहून पुढे जायचा. शेजारशेजारच्या दोन वाड्या, कोयते जवळपास सारखे, आणि आकड्यांत मोठी तफावत, हे मी पाहिलेलं आहे.

त्यामुळे ‘आमची लोकसंख्या किती’ याआधी ‘कोणत्या महिन्यातली’ हे विचारावं लागतं. जुलैचं गाव वेगळं आणि जानेवारीचं वेगळं.

आजचा अंदाज हवा असेल तर मतदार यादीवर फार विसंबू नका. अठराच्या आतली लेकरं तिच्यात नसतात आणि चाकण-पिंपरीला कायमची गेलेली पोरं तिच्यात असतात. सगळ्यांत भरवशाचा कागद अंगणवाडी सेविकेच्या सर्वेक्षणाचा, कारण ती दारोदार जाते आणि सगळ्या वयाची माणसं लिहिते. त्याच्या जोडीला आशाताईंची कुटुंबांची नोंदवही बघा. दोन्हींत थोडाफार फरक निघेल, तो राहू द्या. तंतोतंत जुळले तर उलट मला शंका येते की एकीनं दुसरीचं पाहून उतरवलंय. स्थलांतरितांसाठी ग्रामसेवकाकडे ऊसतोड कामगारांची नोंद असते, ओळखपत्रं त्याच नोंदीवरून दिली जातात. तिची प्रत घेऊन ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

त्या पानावरच्या बससेवेच्या ओळीचंही सांगून टाकतो. ही पानं जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेतून यंत्रानं बनवलेली असतात. पुस्तिकेत प्रत्येक गावापुढे बस, रेल्वे स्टेशन, टॅक्सी, ट्रॅक्टर, डांबरी रस्ता, बारमाही रस्ता असे रकाने आहेत. सोय गावात नसेल तर सगळ्यांत जवळ ती किती लांब आहे याची फक्त खूण करायची: पाचच्या आत, पाच ते दहा, किंवा दहाच्या पुढे. त्यामुळे ‘बससेवा ५ ते १० किमी अंतरात’ याचा अर्थ गावात बस नाही, एवढाच. आणि ‘रेल्वे स्टेशन १० किमीच्या पुढे’ यात बारा किलोमीटरही आले आणि नव्वदही. बीड शहरालाच पहिली गाडी १७ सप्टेंबर २०२५ ला मिळाली, अहिल्यानगरकडून. तोपर्यंत जिल्ह्यातल्या कितीतरी गावांचं स्टेशन परळी हेच होतं. शिवाय ही माहिती पंधरा वर्षांमागची आहे. तिच्यावर तक्रार करण्यात अर्थ नाही आणि तिचा दाखला देण्यातही नाही.

आता रस्ता. तुमच्या प्रश्नात रस्त्याबद्दल एकच वाक्य आहे, ‘कच्चा-पक्का आहे’. तेच मला सगळ्यांत जास्त खटकलं. आगाराला पहिला कागद लागतो तो रस्ता मोठ्या गाडीला सुरक्षित असल्याचा, आणि तो ज्याच्या ताब्यात रस्ता आहे त्या बांधकाम विभागाकडून मिळतो. म्हणून रस्ता कुणाचा ते शोधा. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. तुमचा सहा किलोमीटरचा तुकडा बहुधा ग्रामीण मार्ग असेल आणि त्याला ‘ग्रामा’ क्रमांक असेल. क्रमांकच नसेल तर तो रस्ता कागदावर नाही. मग डांबर, दुरुस्ती, पूल हे सगळे विषय नंतरचे, आधी त्याला क्रमांक मिळवायचा. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव घेऊन पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषदेकडे जावं लागतं. वेळ लागतो, पण हे टाळून पुढे गेलेलं एकही गाव मला माहीत नाही.

लोकसंख्या उपयोगी पडते ती इथे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली तेव्हापासून सपाट भागातल्या ५०० च्या वरच्या वस्तीला बारमाही रस्ता द्यायचा हा तिचा पाया आहे, डोंगरी आणि आदिवासी भागात २५० च्या वर. चौथ्या टप्प्याला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, तो २०२८-२९ पर्यंत आहे, आणि त्यातही आकडा २०११ चाच धरतात. म्हणून ‘आता आम्ही हजार झालो’ या बोलण्याला तिथे किंमत नाही. पण इथे मोजमाप महसुली गावाचं नसून वस्तीचं असतं. पाचशे मीटरच्या आत असलेल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते. तुमच्या गावाचा तांडा गावठाणाला लागून असेल तर बेरीज करा, दोन किलोमीटरवर असेल तर त्याचा प्रस्ताव वेगळा करा. अशी वेगळी मागणी न केल्यामुळे पात्र तांडे वर्षानुवर्षं मागे राहिलेत.

एक अडचण येईल. तुमचं गाव नोंदीत आधीच ‘जोडलेलं’ असण्याची दाट शक्यता आहे. कधीकाळी खडीकरण झालं, नोंद झाली, पुढे रस्ता वाहून गेला, नोंद तशीच राहिली. मग नवीन जोडणीत गाव बसत नाही. त्यासाठी दर्जोन्नतीचा रस्ता धरायचा: मुख्यमंत्री ग्रामसडक योजना, जी २०१५ पासून आहे, किंवा जिल्हा नियोजन समितीकडचे ३०५४ आणि ५०५४ हे लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी खर्चाचे खातेक्रमांक. २५१५ या लेखाशीर्षाच्या मागे लागू नका. त्यातून गावातल्या गल्ल्या सिमेंटच्या होतात, म्हणूनच कित्येक गावांत देवळापुढचा रस्ता गुळगुळीत आणि फाट्याकडचा चिखलाचा असं चित्र दिसतं.

अंदाजपत्रक होत असताना ग्रामस्थांनी दोन गोष्टींवर लक्ष ठेवावं. एक म्हणजे माती. बालाघाटावर मुरूम वर लागतो, तिथे रस्ता बऱ्यापैकी टिकतो. खाली गोदावरी-सिंदफणेच्या काळ्या रानात माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नीट मुरमाचा भराव न करता डांबर टाकलं तर दुसऱ्या पावसात कडा सुटतात. दुसरं म्हणजे ओढ्यावरचे नळकांडी पूल. सप्टेंबर २०२५ च्या पुरात मराठवाड्यात जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं. रस्ता कितीही चांगला असला तरी नळ्या तुंबून पाणी वरून गेलं की गाडी पलीकडेच थांबते. पूल आणि भराव अंदाजपत्रकात धरलाय का ते आधी विचारा, डांबराची जाडी त्यानंतर.

आता मुख्य गोष्ट, गाडी.

आगार व्यवस्थापक माणूस म्हणून वाईट नसतो. त्याच्यापुढे गाड्या कमी, चालक-वाहक कमी, आणि प्रत्येक फेरीचं भारमान, म्हणजे गाडी किती भरते ते, आणि किलोमीटरमागचं उत्पन्न कागदावर. तुमचं गाव फाट्यापासून सहा किलोमीटर आत. गाडी आत येऊन त्याच रस्त्यानं परत गेली तर प्रत्येक फेरीला बारा किलोमीटर वाढतात, आणि आधीच गाडीत बसलेल्या लोकांचा अर्धा तास जातो. म्हणून तो ‘लोकसंख्या कमी आहे’ म्हणतो तेव्हा त्याला म्हणायचं असतं की ‘हे बारा किलोमीटर मला कोण भरून देणार?’ उत्तर त्या प्रश्नाचं द्या.

माझ्या अनुभवात नवीन स्वतंत्र फेरी मागणारी गावं रिकाम्या हातानं परतायची आणि चालू फेरी वळवून मागणारी गावं काहीतरी घेऊन यायची. तालुक्याहून निघालेली एखादी गाडी तुमच्या अलीकडच्या गावात संपते का बघा. संपत असेल तर तिचा विस्तार मागा, कारण वाढणारे किलोमीटर थोडे असतात. मोठ्या रस्त्यानं पुढच्या गावाला जाणारी गाडी असेल तर ती तुमच्या गावामार्गे वळवून मागा. पण त्यासाठी तुमचा रस्ता पलीकडे निघायला हवा. एकाच बाजूनं येणारा रस्ता असलेल्या गावाला गाडी मिळणं नेहमीच अवघड. चारशे वस्तीचं गाव दोन मोठ्या गावांच्या मध्ये असलं तर तिथे दिवसातून चार गाड्या थांबतात, आणि नऊशेचं गाव टोकाला असलं तर एकीलाही महाग. पलीकडच्या गावाचा पाणंद रस्ता पक्का झाला तर तुमचं गाव टोकाचं न राहता वाटेवरचं होतं. म्हणून मी नेहमी म्हणतो, फाट्याच्या रस्त्याइतकंच मागच्या बाजूच्या रस्त्याकडे बघा, आणि पलीकडच्या गावाचा ठराव आपल्या ठरावाला जोडा. दोन गावांची मागणी आली की तीच फेरी फायद्याची दिसायला लागते.

वेळेचंही तसंच. मुलींसाठी सकाळची गाडी मागता, पण ती गाडी तालुक्याहून तुमच्याकडे येताना रिकामी येणार. तिच्यात कोण बसणार? शाळेचे गुरुजी, उपकेंद्राच्या नर्स, बँकेचा माणूस असे येणारे कोणी असतील तर त्यांची नावं आणि वेळ लिहून द्या. कोणीच नसेल तर मुक्कामी गाडी मागा. संध्याकाळी बाजारहाट करून, कॉलेज करून परतणारे लोक घेऊन ती येते, रात्री गावात थांबते आणि सकाळी विद्यार्थी घेऊन निघते. दोन्ही बाजूंनी भरलेली. कोरोना आणि पाठोपाठ ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ चा संप, यात खेड्यांतल्या बऱ्याच मुक्कामी गाड्या बंद पडल्या त्या परत आल्याच नाहीत. चालक-वाहकांना झोपायला बरी खोली, दिवा, पंखा, पाणी, संडास आणि गाडी वळवायला व लावायला मोकळी जागा, एवढं ग्रामपंचायत देणार असेल तर तसा ठराव जोडा. समाजमंदिराचा एक कोपरा दाखवून काम होत नाही, कर्मचारी नकार देतात आणि त्यांचं बरोबर असतं.

प्रवासी सिद्ध करायचा सगळ्यांत वजनदार कागद मुख्याध्यापकांचा. तालुक्याच्या किंवा मोठ्या गावच्या शाळा-कॉलेजात तुमच्या गावची किती मुलं-मुली आहेत, शाळा कधी भरते, कधी सुटते, हे त्यांच्या लेटरहेडवर घ्या. शाळा सोडलेल्या मुलींची यादी वेगळी जोडा, इयत्तेसह. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, आणि मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या मुलींच्या शाळेसाठीच दिलेल्या आहेत. तुमचा तालुका त्या कार्यक्रमात आहे का ते विचारा. असेल तर तोच अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्हाधिकारी कार्यालयातही द्या. निळ्या गाडीच्या मार्गाबद्दल विचारणा वरून आली की मार्ग हलतो, एवढं मी अनेकदा पाहिलंय.

आगारानं ‘आम्ही सर्वेक्षण केलं होतं, प्रवासी नाहीत’ असं सांगितलं तर कोणत्या साली आणि कोणत्या महिन्यात केलं, हे विचारा. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याआधी २०२२ मध्ये पंच्याहत्तरीच्या पुढच्यांचा प्रवास मोफत झाला, आणि सवलतीची रक्कम सरकार महामंडळाला देतं. त्याच्या आधीचं सर्वेक्षण असेल तर ते आज लागू नाही. काळीपिवळी जीपमध्ये पूर्ण पैसे देऊन बसणारी बाई एसटी असेल तर एसटीतच बसेल. महिन्याचं महत्त्व तर आधी सांगितलंच. डिसेंबरात किंवा मे महिन्यात मोजायला माणूस आला तर त्याला काय दिसणार? शाळा सुरू झाल्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये, बाजाराचा दिवस आणि साधा दिवस असे दोन्ही मोजा असं लेखी मागा. ऊसतोडीची नोंद पहिल्यांदा लागते ती इथे: हिवाळ्यात प्रवासी घटणार हे स्वतःच आधी सांगा आणि त्या चार महिन्यांत शाळेची एकच फेरी ठेवा, असं सुचवा. आपण होऊन अडचण सांगणाऱ्या गावावर आगाराचा विश्वास बसतो.

काळीपिवळीवाल्यांशी आधी बोला. ते गावचेच असतात, हप्ते त्यांच्याही डोक्यावर असतात. गाडी सुरू झाली की ते एसटीच्या दहा मिनिटं आधी निघतात, माणसं उचलतात, एसटी रिकामी जाते आणि दोन-तीन महिन्यांत फेरी बंद होते. बहुतेक फेऱ्या अशाच बंद पडतात. त्यांना दुपारचा आणि दवाखान्याचा धंदा राहू द्या, सकाळ-संध्याकाळ सोडा म्हणावं. ग्रामसभेत सगळ्यांसमोर हे ठरलं पाहिजे. आणि पहिले तीन महिने गावानं थोडी गैरसोय सोसून एसटीतच बसायचं, मोटारसायकल घरी ठेवून. ज्यांच्यासाठी गाडी मागितली त्या मुलींच्या भावांनीच त्यांना गाडीवरून सोडायला सुरुवात केली तर भारमान कुठून येणार?

सगळं एकदम मागू नका. माझा क्रम असा राहिला असता: रस्त्याचा क्रमांक आणि ताबा, मग रस्ता सुरक्षित असल्याचं पत्र, मग मुख्याध्यापकांची यादी, आणि शेवटी आगारात चालू फेरी वळवण्याचा किंवा वाढवण्याचा अर्ज. अर्जाची एक प्रत एसटीच्या विभाग नियंत्रकांना, पोच घेऊन. तुमच्या रस्त्याची अवस्था मला माहीत नाही, ती चांगली असेल तर दोन महिन्यांत निर्णय कळू शकतो. मध्ये पूल वाहून गेलेला असेल तर आधी मिडी, म्हणजे लहान बस चालेल का ते विचारा.

पुढच्या जनगणनेबद्दल कोणी विचारलं नव्हतं, तरी लिहितो, कारण वेळ थोडा आहे. संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे, म्हणजे प्रत्यक्ष मोजणी पुन्हा फेब्रुवारीत, पुन्हा ऊसतोडीत. गावांच्या हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवल्या गेल्या, त्यामुळे तांड्याला वेगळं महसुली गाव करून घ्यायचं असेल तर या मोजणीसाठी ती वेळ गेली. पण माणसं मोजायची राहू नयेत एवढं नक्की करता येतं. मुकादमांकडे टोळीची यादी असतेच. कोण कोणत्या कारखान्यावर आहे ते ऊसतोडीच्या नोंदीशी ताडून बघा आणि तिथे मोजले गेल्याची फोनवरून खात्री करा. कोणी त्या काळात लग्नाकार्याला घरी येऊन राहणार असेल तर प्रगणकाला तसं सांगा. दोन्हीकडे नाव लिहून घेऊ नका, ते चुकीचं आहे. आणि आकडा कमी आलाच तर ग्रामपंचायतीच्या ठरावात बाहेर असलेल्या कुटुंबांची संख्या वेगळी नोंदवून ठेवा. जनगणनेचा आकडा त्यानं बदलत नाही, पण पुढे पाण्याच्या योजनेचा किंवा अंगणवाडीचा प्रस्ताव करताना दाखवायला हातात काहीतरी राहतं.

रस्त्याचा ‘ग्रामा’ क्रमांक सापडला आणि तो पलीकडे कुठल्या गावाला निघतो ते कळलं की इथेच लिहा. अलीकडची गाडी कुठे संपते तेही. मग फेरी वाढवून मागायची की वळवून, ते सांगता येईल.